झाडून घेतलेला रस्ता

ती गोष्ट आठवली की अजूनही मला बसल्या जागी अस्वस्थ व्हायला होतं. कॉलेजात सरकारविरुद्ध पत्रकं लिहिणारा मी, स्वराज्य आल्यावर श्रीगोंदे तालुक्यात फौजदार झालो आणि थोड्याच काळात राजीनामा देऊन बाहेर पडलो. मित्र मला ‘तिशीच्या आतला रिटायर फौजदार’ म्हणतात. म्हणोत. या प्रकरणात सगळ्यांत मोठी चूक तपास करणाऱ्याचीच होती, आणि तपास माझ्याकडे होता.

देवी टोचणारा एक नोकर गावोगाव फिरे. लढाई संपल्यावर नगरच्या छावणीत लष्करी फटफट्यांचा लिलाव झाला, त्यातली एक त्याने घेतली. काष्टीच्या अलीकडे एका गावाजवळ, वळणावर तो पडला. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला. गावकऱ्यांनी त्याला सर्व्हिस मोटारीत घालून नगरच्या दवाखान्यात पोचवलं. तो बेशुद्ध होता.

दुसऱ्या दिवशी मी जागेचा पंचनामा केला. रस्त्यावर खड्डा नाही, दगड नाही, शेणाचा पो सुद्धा नाही. इतका स्वच्छ रस्ता आमच्या जिल्ह्यात मी त्याआधी पाहिला नव्हता. मी लिहिलं, ‘रस्ता निर्वेध.’ आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी चिठ्ठी आली. ‘बायकोने फटफटीचे नट ढिले केले. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं. शेजाऱ्यांना विचारा.’ शेजाऱ्यांना विचारलं. भांडण झालं होतं. मिस्त्रीला विचारलं. पुढच्या चाकाचा नट ढिला होता. पडण्याआधीचा की नंतरचा, ते त्याला सांगता येईना. एवढ्यावर मी त्या बाईला नगरच्या दवाखान्यातून बोलावून घेतलं.

ती ख्रिस्ती होती, शेजारच्या गावच्या शाळेत मास्तरीण. दुपारच्या मोटारीने आली. डोळे सुजलेले, काखेत एक गाठोडं. बसायच्या आधीच म्हणाली, “साहेब, जे विचारायचं ते लवकर विचारा. डॉक्टरांनी सांगितलंय, ते शुद्धीवर येतील तेव्हा ओळखीचं माणूस जवळ हवं. नाहीतर घाबरतील. पाच दिवस मी हललेली नाही.”

“नट कोणी ढिले केले?”

“नट कुठला, तेही मला माहीत नाही.”

हवालदार हसला. “पोरांना शिकवता बाई, आन् नट म्हाईत न्हाई व्हय?”

“तुम्हाला फटफटीचं सगळं माहीत आहे?”

“आमी बैलगाडीवाले.”

“मग हसता कशाला?”

मी दरडावलं. पत्रकांत ज्या पोलिसांना मी शिव्या घातल्या होत्या, अगदी त्यांच्या आवाजात दरडावलं. भांडण कशावरून, कोण काय म्हणालं, पुन्हा सांगा, पहिल्यापासून सांगा. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून हलेना. परतीची मोटार सुटायची वेळ झाली, बाहेर हॉर्न वाजला, तशी ती उठली. मी म्हणालो, “खाली बसा.” मोटार गेली. तेव्हा ती कोसळली.

“माझ्यामुळंच झालं. मीच केलं.”

हवालदाराने दौतीत टाक बुडवून माझ्या हातात दिला. “साहेब, बाई बोलली बगा!”

मी लिहून घेतलं आणि विचारलं, “काय केलंत?”

“प्रार्थना केली.” ती ओंजळीत तोंड लपवून बोलत होती. “रोज त्या फटफटीवरून जातात, रोज माझा जीव टांगलेला. त्या सकाळी भांडले आणि देवाजवळ मागितलं की हे यंत्र एकदाचं मोडू दे. यंत्रच मागितलं होतं, साहेब. माणूस नव्हता मागितला.”

टाक तिथंच थांबला. लाज वाटायला हवी होती. पण मला वाटलं, ही चतुर आहे. मी तिला हवालदाराच्या घरी, त्याच्या बायकोजवळ ठेवलं. सकाळी बघू म्हटलं.

सकाळी मी गाठोडं उघडायला सांगितलं. नवऱ्याचे अपघाताच्या वेळचे कपडे होते. दवाखान्याने तिच्याकडे दिलेले; जप्त करायचं माझं काम मी विसरलेलो. रक्त वाळून कडक झालं होतं.

“धुतले का नाहीत?”

“गेलेल्या माणसाचे कपडे धुऊन ठेवतात. त्यांचे तसेच राहू देत. उठतील आणि मला रागावतील.”

मी विजार झटकली. पायाच्या दुमडीतून वाळक्या शेंगा आणि चुरलेला पाला टेबलावर पडला. पंच म्हणून बोलावलेला शेतकरी पुढे वाकला. “हुलगा हाय साहेब, कुळीथ.”

मला तो स्वच्छ रस्ता आठवला.

बाईला पहिल्या मोटारीत बसवून मी त्या गावात गेलो. वळणालगतच्या शेतकऱ्यासमोर शेंगा धरल्या. त्याने हात जोडले.

“आमी दरसाल टाकतो की रस्त्यावर. गाड्या जात्यात येत्यात, चाकाखाली आपसूक मळनी हुती. समदी गावं टाकत्यात. फटफटी घसरंल हे कुनाच्या ध्यानात?”

“आणि मग झाडून काढलंत?”

“लई भ्यालो साहेब. समद्यांनी मिळून झाडलं.”

“चिठ्ठी कोणी लिहिली?”

“लिवली पाटलांनी. भांडान बाजारात ऐकलं, नटाचं मनानंच घातलं. पर आंगठा समद्या गावाचा समजा.”

मला त्या गावाचा संताप आला. एक अख्खं गाव आपली कातडी वाचवायला एका बाईला तुरुंगात घालायला निघालं होतं! पण त्यांच्या हातात फक्त खराटा होता. तिला बाकावर बसवून ठेवायचा अधिकार माझ्या हातात होता, आणि मी तो वापरला.

दोन दिवसांनी नवऱ्याचा जबाब घ्यायला नगरला गेलो. तो शुद्धीवर होता, पाय नव्याने बांधलेला. “पिकावर चाक गेलं, ब्रेक दाबला, एवढंच आठवतं,” तो म्हणाला. पाय नव्याने का, ते ती मला व्हरांड्यात म्हणाली. आवाज चढवला नाही.

“त्यांनी डोळे उघडले, तेव्हा मी तुमच्या बाकावर होते. मला हाका मारत उठायला गेले आणि जुळवलेलं हाड पुन्हा सरकलं. डॉक्टर म्हणतात, लंगडणार.”

मी टोपी काढून हातात घेतली.

“एक विचारू? मी म्हणाले होते ना, माझ्यामुळं झालं, ते कागदावरून खोडता येईल?”

“पोलिसी कागदावरचं खोडता येत नाही, बाई.”

ती मान हलवून आत गेली.

रस्त्यात पीक टाकल्याचा खटला झाला, शेतकऱ्याला ताकीद मिळाली. पुढच्या हंगामात त्याच वळणावर पुन्हा हुलगा पसरला होता. मी एवढं शिकलो, की घरचं माणूस उशाशी बसून घाबरलेलं असतं तेव्हा ते कशाचाही दोष अंगावर घेतं. आपण त्याला कबुली म्हणतो आणि टाक उचलतो.

तो कागद श्रीगोंद्याच्या कपाटात अजून असेल, खाली माझी सही असेल. तो मला खोडता आला नाही, म्हणून हे छापतो आहे: त्या बाईमुळे काहीही झालं नव्हतं. तो पाय माझ्यामुळे लंगडा आहे.