चुकीच्या कप्प्यातलं घड्याळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — ते माझं मलाही नीट कळत नाही.

भिवंडीजवळच्या आमच्या गोदामात लोकांनी ऑनलाइन मागवायच्या वस्तू असतात. शाम्पूशेजारी कुकर, कुकरशेजारी पैंजण — जागा दिसेल तिथे ठेवायचं. फक्त आधी कप्पा स्कॅन करायचा, मग वस्तू. कुठे काय आहे, ते मशीनलाच ठाऊक. आणि मशीनला कोण सांगतं? आपणच ना?

हे मला शिकवलं खडवलीच्या वंदनाताईंनी. नोकरीसुद्धा त्यांनीच लावली. टिटवाळ्यात माझी चूल पेटते ती त्यांच्या शब्दामुळे, हे मी विसरलेले नाही. पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आले, तेव्हा आपली अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकून म्हणाल्या, “घाई नको करू गं. चुकीच्या कप्प्यात गेलेली वस्तू असून नसल्यासारखी.”

आणि मी घाईच केली. वरचा कप्पा स्कॅन केला, मग एक महागडं घड्याळ; पण कप्पा निघाला गच्च. म्हणून ते खालच्यात सरकवलं. पुन्हा स्कॅन — कोण करतंय? मग ऑर्डर आली. घड्याळ काढायला नेमक्या ताई गेल्या. मशीन म्हणे आहे, ताई म्हणे नाही — विश्वास कुणावर बसणार? गेटवर त्यांची पिशवी उपसली, डबा उघडायला लावला. मी मागेच उभी होते. मला आठवलं होतं — हो, तेव्हाच आठवलं होतं. तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर जागा झाली होती. घड्याळ गुपचूप तिथे ठेवलं, मोजणीत सापडलं. ताई चोर ठरल्या नाहीत, पण साहेब म्हणाले, यांना समोरचं दिसत नाही. त्यांना खोकी चिकटवायला बसवलं. त्यांच्या जागी कोण, तर ताईंनीच माझं नाव सुचवलं — हिचा हात चोख आहे म्हणून.

आज नव्या मुलींना मी शिकवते. जेवायच्या सुट्टीत ताई अजून माझ्यासाठी जागा धरतात. इतकी माया मला आईनंतर कुणी दिली नाही.

परवा त्या चष्मा लावून आल्या. “डॉक्टर म्हणतो, गरज नाही. पण ते घड्याळ मला दिसलं नव्हतं ना गं?”

मी “हो” म्हणाले.