बॅटरी माझ्या बॅगेत होती

आधीच स्पष्ट लिहिते — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि आजही ठेवायची इच्छा नाही. मी वडसाला बीएस्सी करते, विषय फिजिक्स. आमच्या घरी कधी कोणी अंगारा-धुपारा केला नाही. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी हसायचे. आज स्वतः लिहितेय ते कोणाला घाबरवायला नाही... डोकं फिरलंय म्हणून.

मला हॅम रेडिओचा नाद. म्हणजे सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं आणि स्वतःच्या सेटवरून दुसऱ्या हॅमशी बोलायचं. प्रत्येकाला कॉलसाइन मिळतं, तेच हवेतलं नाव. (माझं इथे देत नाही, नाहीतर आणखी एक नोटीस यायची.) माझा सेट छोटा, हातात धरायचा. रोज संध्याकाळी नदीपलीकडे ब्रह्मपुरीत राहणाऱ्या एका काकांशी गप्पा व्हायच्या, ते रिटायर्ड मास्तर. आवाज खरखरला की गावाचं नाव अक्षर-अक्षर सांगावं लागतं. त्यासाठी आम्ही दोघांनी आमची खास बाराखडी केली होती — क करडईचा, स सागाचा, म मोहाचा. ती तिसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती.

गेल्या पावसाळ्यात मी कॉलेजच्या कडुनिंबावर अँटेनाची तार बांधली आणि आमच्या प्राचार्यांना घाम फुटला. "जंगलाचा, नक्षल्यांचा जिल्हा आहे हा. कोणाशी बोलतेस?" लायसन्स दाखवलं तर झेरॉक्स मागितली. झेरॉक्स दिली तर म्हणे ओरिजिनल कुठाय! शेवटी 'चौकशी होईपर्यंत' माझा सेट लॅबच्या लोखंडी कपाटात बंद, चाबी प्राचार्य साहेबांकडे. बॅटरी तेवढी मी काढून घेतली, कारण सेटमध्ये पडून राहिली की ती खराब होते. एवढं लक्षात ठेवा... बॅटरी माझ्या बॅगेत होती.

मग वैनगंगेला पूर आला. लाइट गेली. माझी आतेबहीण सोनू पलीकडच्या काठावर, कोसमटोल्यात. दिवस भरलेले, नवरा कामावर बाहेरगावी, घरी ती आणि सासू. सकाळी तिचा फोन आला, "प्रज्ञा, पाणी अंगणात येऊन राह्यलं व..." आणि कट. टॉवरच बंद पडले. पूल पाण्याखाली होता. बोटी ब्रह्मपुरीच्या बाजूला होत्या, आणि अशा वेळी काका सेट घेऊन बोटवाल्यांपाशीच बसतात. माझा सेट हातात असता तर लगेच निरोप गेला असता.

भर दुपारी मी कॉलेज गाठलं. सुट्टी दिलेली, लॅबचे बाबू तेवढे होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो.

"भाऊ, कपाट उघडा. माझी बहीण तिथी पाण्यात हाये."

"पोरी, चाबी साहेबापाशी हाये. साहेब नागपूरले गेले. मी का करू सांग?"

"मग कुलूप तोडा."

"माही नोकरी जाईन ना."

मी कपाटावर हात आपटले, रडले, तोंडाला येईल ते बोलले. भाऊ तेच तेच म्हणत राहिले. कुलूप काही निघालं नाही.

संध्याकाळी टॉवर सुरू झाला आणि काकांचा फोन आला. "शाब्बास पोरी. बोट वेळेत पोचली. सोनू दवाखान्यात आहे, मुलगी झाली."

"काका, पण तुम्हाला सांगितलं कोणी?"

"म्हणजे? तूच तर सांगितलंस."

दुपारी माझ्या कॉलसाइनवरून, माझ्या आवाजात निरोप गेला होता. क करडईचा, स सागाचा, म मोहाचा... दोघी शाळेच्या गच्चीवर आहेत, कळा सुरू झाल्यात, बोट मागच्या बाजूने आणा.

आता खरा संताप ऐका. निरोपाची बातमी गावभर झाली आणि दुसऱ्या आठवड्यात मला नोटीस — कपाट परवानगीशिवाय उघडलं म्हणून. कुलूप शाबूत, चाबी साहेबांच्या खिशात, तरी चोर मीच! आणि हेच साहेब मला कॉलेजतर्फे शाल-श्रीफळ देणार होते, फक्त आधी माफीनामा लिहून द्यायचा. आई म्हणाली, "सही करून टाक व, सेट तरी भेटन." मी नाही केली. न केलेल्या चोरीची माफी नाही आणि न केलेल्या कामाची शालही नको.

शेवटी काकाच कॉलेजात आले. पुराच्या ड्युटीवर ते मोबाइल शेजारी ठेवून सगळं रेकॉर्ड करतात. साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी ते लावलं. भाऊही उभे होते. आवाज माझाच होता, पण अगदी शांत. आणि त्या आवाजाच्या मागे पत्र्यावर हात आपटल्याचा आवाज, कोणीतरी रडतंय... आणि मग, "पोरी, चाबी साहेबापाशी हाये. मी का करू सांग?"

भाऊ मोबाइलजवळ आले. "हा त मीच व्हय," ते म्हणाले. "पोरगी बाहेरच होती साहेब. माह्यासमोर रडून राह्यली होती."

साहेबांनी मोबाइल उचलून काकांच्या हातात दिला आणि विचारलं, "रेकॉर्डिंगची परवानगी कोणाची घेतली?"

सेट मिळाला. नोटीस अजून मागे घेतलेली नाही. भाऊ त्या कपाटाला हात लावत नाहीत. फिजिक्सच्या सरांचं म्हणणं, दुसऱ्या कोणीतरी हॅमने बोलून दिलं असेल. माझ्या आवाजात? आमच्या बाराखडीत? बॅटरीशिवाय सेट चालत नाही, यापुढे माझी अक्कल जात नाही. कमेंटमध्ये 'देवाची कृपा' लिहू नका, मला राग येतो.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. सोनू बाळ घेऊन आमच्या घरी आली तेव्हा मी विचारलं, शाळेत गेल्याचं कोणाला कळवलं होतं?

"कोणाले कळवू? फोन त बंद होता. घर बुडालं तशा आम्ही निघालो."

शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मला ते माहीत असायचं कारणच नव्हतं. त्या दुपारी भाऊंनी कुलूप तोडलं असतं, मी बॅटरी लावून बोलले असते, तर काकांना सोनूच्या घराचा पत्ता दिला असता. बोट बुडालेल्या घरापाशी गेली असती आणि रिकामी परतली असती.

हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.