मिशांमागचा बाईचा आवाज

चौलच्या एका हळदीत मी त्यांना पाहिले. भरघोस मिशा, सुटलेले पोट, आणि गळ्यातून निघणारा आवाज मात्र शहाळ्याच्या मलईसारखा तलम, बाईचा. हळदीला गाणी वाजवायला आलेल्या बेंजो पार्टीत ते ‘लेडीज आवाज’ म्हणूनच ओळखले जात.

दोन गाण्यांच्या मध्ये बशीतला चहा फुंकत ते मला म्हणाले, “आता वाजवलं ते गाणं पयलं मीच गायलोय. गाणारी बाई आजारी पडली, म्हणून कॅसेटवर मी गायलो. कव्हरवर फोटो तिचाच छापला.”

पुढे त्या गाण्याने बरेच जन्म घेतले. डीजेने त्याला धडधड दिली, एका मंडळाने शब्द बदलून त्याचे भजन केले, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यातून स्वच्छतेचा संदेश निघाला. अलीकडच्या एका गायिकेने तर प्रत्येक ओळीला उचकी जोडली, आणि आता लोकांना ती उचकीच हवी असते.

“मग आज पहिल्यासारखे म्हणा ना,” मी म्हटले.

त्यांचे डोळे लकाकले. कानावर तळवा ठेवून त्यांनी सूर लावला. खाडीत भरती चढावी तसे गाणे संथ चढत गेले, आणि नाचणारी पावले थांबली.

नवऱ्याची आत्या ओरडली, “अवो काका, काय रडगाणं लावलंत? ओरिजनल म्हना, उचकीवालं!”

“ओरिजनल मीच हाय, ताई.”

सारा मांडव खदखदून हसला. त्यांनी माझ्याकडे पाहायचे टाळले, मिशा पुसल्या आणि पुढच्याच ओळीत इतकी हुबेहूब उचकी दिली की आत्याने नाचत येऊन त्यांच्यावरून नोट ओवाळली.