अंबादासचे धागे

तास चालू असताना शिपाई दाराशी येऊन उभा राहिला. एरवी त्याचं तोंड मिटत नाही; तो गप्प उभा दिसला तेव्हाच मी खडू खाली ठेवला. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा माझा मित्र अंबादास गेला होता. चाळिशीही गाठली नाही पठ्ठ्याने... राग अजून जात नाही.

मी भौतिकशास्त्राचा, म्हणून तो माझं डोकं खायला यायचा. स्नायूच्या पेशीत प्रथिनांचे धागे असतात, जाड आणि बारीक; ते एकमेकांत सरकले की स्नायू आखडतो. "यातला एक धागा किती जोर लावत असेल? काढ बघू," म्हणायचा. परदेशी मासिक बोटीने यायचं, तोवर शिळं झालेलं. तरी त्यावर आमचे चहा गार व्हायचे. साखर पेठेतल्या तेलुगू विणकराच्या घरात तो वाढला होता. सूत चिमटीत धरून ते किती ताण सोसेल हे ओळखायचा. पेशीतल्या धाग्याला हात लावता येत नाही, याचंच त्याला दुःख.

मग खरं दुखणं आलं. छातीचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, हृदय ताणून मोठं झालंय. अंबादासने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून मला दाखवली आणि हळूहळू बाहेर ओढली. "इतकं ताणलं की पकड सुटते. आत हेच चाललंय." आवाज वर्गात शिकवतानाचाच. मला त्या बोटांकडे बघवेना.

घरात तो आणि आई, दोघंच. आईला त्याने तेलुगूत एवढंच सांगितलं, की काळजातले धागे सैल पडलेत. चूक तिथे झाली. सूत मागावर तुटू नये म्हणून आधी त्याला भाताच्या पेजेची खळ देतात. त्या पेजेला त्यांच्याकडे गंजी म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून अम्मा लेकाला सकाळ-संध्याकाळ गंजी पाजू लागली. डॉक्टरांनी मीठ तोडलेलं, म्हणून अळणी. तिने स्वतःचंही मीठ सोडलं. मी चिडलो, "अरे, तिला नीट समजावून सांग की!"

"काय सांगू? उपाय नाही म्हणून? तिला वाटतंय, धागे धरायला लागलेत. वाटू दे की." आणि त्याने वाटी तोंडाला लावली... पुढे दोन पायऱ्या चढून धाप लागायची, तरी "बरं वाटतंय, अम्मा" म्हणायचा.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. माग बंद होता. अम्माने विचारलं, "सर, गंजी पातळ झाली का हो माझी? घट्ट पायजे होती?"

"नाही हो अम्मा. बरोबर होती."

ती आत गेली आणि वाफाळती वाटी घेऊन आली. "तुमी तरी घ्या. मीठ घातलंय... आता घरात मीठ चालतंय."