श्रीपतदादाची फिरती खोली

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावर धूळ बसते तसे ते आपोआप जमतात. माणूस आहे तोवर त्याच्याकडं कोणी बघत नाही. माणूस गेला, की जो भेटतो तो एक किस्सा काढतो!

माझा मोठा भाऊ श्रीपतदादा तापानं गेला, त्याला अजून दोन महिने झाले नाहीत. परवा नांदुऱ्याच्या हॉटेलात एक जण म्हणाला, "गाडी बरी चालवायचा बिचारा." मी बशी आपटली. बरी? अख्ख्या वऱ्हाडात तशी कोणी चालवत नव्हता! मी तीन इयत्ता शिकलेलो, पण एवढं लिहूनच ठेवतो.

आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरसाहेबांनी एक लॉरी घेतली होती. नांदुऱ्याच्या करीम मिस्त्रीनं तिच्यावर लाकडी खोली बांधली. आत दोन पलंग, औषधांचं कपाट, स्टोव्ह, पाण्याची टाकी. डॉक्टरसाहेब आणि बाईसाहेब त्यातच राहायचे. बाजाराच्या गावी थांबायचं, तिथंच पेशंट तपासायचे. दादा ड्रायव्हर, मी क्लीनर. लायसन माझ्याकडंही होतं, पण स्टेअरिंग दादाकडं.

आता दादा नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, "एक फेरी तू घेऊन चल. जमलं तर ठीक, नाहीतर नागपूरहून ड्रायव्हर बोलावतो." बोलावण्याचं कार्डही त्यांनी लिहून खिशात ठेवलं. दादाच्या जागेवर परका माणूस बसणार! माझी झोप उडाली.

* * *

गाडी उभी केली, की दादा खोलीत काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा. पाणी एका बाजूनं सांडलं, की खाली उतरून त्या चाकाखाली फळी. डॉक्टरसाहेब आत लोकांच्या डोळ्यात औषध घालायचे, खोली तिरपी असून कसं चालेल?

एकदा करीम मिस्त्रीला ते लागलं. "अबे श्रीपत, माह्या हातच्या खोलीवर भरोसा नाही काय तुले?"

दादा म्हणाला, "मिस्त्री, खोली सरळच आहे. आपलं वऱ्हाड वाकडं आहे!"

* * *

डोणगावला एकदा भर पावसाळ्यात गेलो. बाजाराजवळ काळं रान होतं, वरून कोरडं, सपाट. दौऱ्यावर आलेल्या एका मोठ्या साहेबांची मोटार तिथंच उभी होती. दादा चप्पल काढून उतरला. चार ठिकाणी टाच मारली. मान हलवली आणि गाडी नेऊन उभी केली स्मशानाच्या कडेला, मुरमावर!

बाईसाहेब घाबरल्या. "श्रीपत, अरे इथं राहायचं?"

"बाईसाहेब, इथले शेजारी लई शांत आहेत."

पहाटे पाऊस झाला. सकाळी साहेबांची मोटार अर्ध्या चाकापर्यंत मातीत. चार बैलजोड्या लावल्या तरी हलेना. शेवटी आमच्या लॉरीला दोर बांधून दादानं ती काढली. साहेब म्हणाले, "ड्रायव्हर, तुला हे कोणी शिकवलं?"

"बापानं. फक्त त्याच्यापाशी बैलाची बंडी होती, सायेब!"

* * *

मेहकरच्या अलीकडं एका गावाला जुनी वेस आहे. दादा गाडीइतक्या उंचीचा बांबू सोबत ठेवायचा. कमान असो की वडाची फांदी, आधी बांबू घेऊन मी पुढं चालायचं, मागून गाडी. त्या वेशीत बांबू अडकला. दोन बोटांचा फरक!

पाटलांच्या आईचे डोळे दाखवायचे होते. पाटील जोरात आले. "पाडा बे वरचे दोन दगड! डॉक्टरची गाडी आत आली पाह्यजे!"

माणसं पहार घेऊन आली. दादा आडवा आला. चारी चाकांची हवा थोडी थोडी सोडली, गाडी खाली बसली, आणि मुंगीच्या चालीनं आत! मग पंपानं हवा भरता भरता माझे दोन्ही खांदे गेले.

पाटील म्हणाले, "एवढी मेहनत काऊन केली? दगड आमचेच होते."

"पाटील, दगड तुमच्या आजोबाचे. हवा माह्यी होती!"

* * *

आता माझा पराक्रम. दादा जेवायला गेला होता. मी गाडी सावलीत लावली आणि आत झोपलो. बाजारकऱ्यांनी गाडीला बैल बांधले. कोणी बंपरला, कोणी मागच्या शिडीला. उठलो, सीटवर बसलो, मागंपुढं न बघता दाबला हॉर्न!

बैल चौफेर. दोन बैल शिडीच उपटून घेऊन गेले, मिरचीच्या ढिगातून. दादा आला.

"शिडी कुठं आहे बे?"

"बैलानं नेली."

"बरं झालं. गाडी नाही नेली!" मग हसू आवरून म्हणाला, "देवळात गेला की फेरी मारतो ना? मंग गाडी काढताना काऊन नाही मारत?"

* * *

गेल्या आठवड्यात माझी परीक्षेची फेरी झाली. मेहकरहून बीबी गावाला. डॉक्टरसाहेब शेजारी बसले, कार्ड खिशातच. मी मनात दादाला विचारत होतो, इथं कोणता गिअर, इथं ब्रेक कधी. तो कुठला बोलतो!

बीबीला लोक रांगेत बसलेले होते. सगळ्यांना दादाचं कळलेलं होतं. रांग सोडून भिंतीपाशी एक म्हातारी एकटीच बसली होती. तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले. दर फेरीला ती यायची आणि डॉक्टरसाहेब सांगायचे, "आजी, अजून पिकला नाही, पुढच्या खेपेला काढू." दादा तिला हाताला धरून आत न्यायचा. हिला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

मी वेग कमी केला. खड्डा चुकवला, माणसं बाजूला होईपर्यंत थांबलो, मग हळूच मागं घेऊन गाडी उभी केली. खोलीतली एक बाटली वाजली नाही. इंजिन बंद केलं.

म्हातारीनं मान वर केली. "आला काय रे माहा श्रीपत?"

रांगेतल्या माना माझ्याकडं वळल्या. डॉक्टरसाहेब, जे पेशंटशी कधी खोटं बोलत नाहीत, खाली उतरले, तिच्यापाशी बसले आणि म्हणाले,

"हो आजी. आपलाच ड्रायव्हर आहे."