प्रेसचं दुसरं बटण

कामाची पाळी सुरू झाली की अक्का आधी नखानं बटणावरचा टेप खरवडायची, मग देवाचं नाव घ्यायची. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये पत्रा कापायचे प्रेस होते. प्रत्येकाला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका खाली यायचा, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. पण तसा माल कमी निघतो म्हणून सुपरवायझर एक बटण टेप लावून दाबूनच ठेवायचे. मग एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं ठोका पाडायचा. जरा चुकलं की बोटं गेली.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, सगळ्यांच्या देखत नको तेच करणारी. अक्का काढलेल्या टेपची गोळी करून सुपरवायझरच्या टेबलाखाली चिकटवायची. एकदा त्यांची नवीकोरी पँट गुडघ्याला तिथंच चिकटली. आम्ही ओढणीत तोंड खुपसून हसलो. ही मात्र साळसूदपणे म्हणाली, "अय्यो, काय हो सर हे!"

ती खानापूरकडची, मी निपाणीची, आमचे प्रेस शेजारी. माझाही टेप काढायला यायची, आणि मी तिचा हात धरायची.

"अक्का, नको गं. मला काढून टाकतील."

"खुळे, नोकरी दुसरी मिळंल. बोटं कुठनं आणशील?"

खरंच होतं की! पण आम्ही सगळ्या ठेकेदारामार्फत आलेल्या बायका, तोंडी कामावर घेतलेल्या, तोंडीच काढल्या जाणाऱ्या. मला ठोक्याची भीती होती आणि सुपरवायझरची त्याहून जास्त. डबा खाताना घास हातात धरून बोटं मोजायची मी.

एकदा तपासणीचे सरकारी साहेब आले. त्या सकाळी सुपरवायझरनी स्वतः फिरून सगळे टेप काढले.

"काही तक्रार?" साहेबांनी विचारलं. अक्का पुढे झाली.

"सर, रोज इथं टेप असतोय. आजच काढलाय. हिला विचारा, माझ्या शेजारीच असते."

साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या मागे सुपरवायझर उभे होते, नुसते बघत.

"मला माहीत नाही, सर," मी म्हणाले.

अक्का रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी बस स्टॉपवर तिनं माझा खांदा थोपटला. "सरी, ठीक हाय, जाऊ दे. भ्यालीस. व्हतंय स्वल्प असं." दुसऱ्या दिवशी वॉचमननं तिला गेटातून आत सोडलं नाही. तिला फोन करायला मला तोंड नाही.

आठवड्यानं तिच्या प्रेसवर नवी बाई आली. टेप लावलेलं बटण बघून घाबरली आणि हळूच माझ्याजवळ येऊन कन्नडमध्ये विचारू लागली, "अक्का, हे असंच असतं का?"

सुपरवायझर चार पावलांवर होते.

"हो," मी म्हणाले, "असंच असतं."