मुठीचे तांदूळ

आमच्या चर्चमधल्या बायकांची एक रीत आहे. भात टाकताना दर वेळी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात काढायचे आणि रविवारी ते चर्चमध्ये नेऊन द्यायचे. ज्या घरी अडचण असेल तिथे ते पोचवतात. माझ्या आईने उभ्या जन्मात ही मूठ चुकवली नाही.

मग तिला लकवा मारला. तिचा उजवा हात मुठीसारखा आवळून बसला आणि मी शाळेतली नोकरी सोडून रायपूरच्या गुढियारीत या दोन खोल्यांत अडकले. दूध आणायला जायचं तरी शेजारणीला बसवावं लागतं. भात टाकला की आई खाटेवरून विचारते, "मूठ काढली काय?"

एकदा मी भडकलेच. "काहून काढू? आपल्याले कोण विचारून राहिलं?"

त्याच आठवड्यात चर्चच्या तिघी आल्या. एकीने कोमट पाण्यात आईची बोटं हळूहळू मोकळी केली, एकीने चादरी धुतल्या. तिसरीने जाताना ओट्यावर पिशवी ठेवली. आत जाडे, बारीक, उकडे असे सगळे तांदूळ एकत्र मिसळलेले होते. कितीतरी घरच्या मुठी. अडचणीचं घर आता आमचं होतं.

पिशवी अंगणात भिरकावून द्यावीशी वाटली. पण घरात दुसरे तांदूळ नव्हते. त्यातलेच धुवायला घेतले.

"मूठ काढली काय?"

"हव," मी म्हटलं, आणि त्यातलीच एक मूठ वेगळ्या डब्यात टाकून झाकण जोरात दाबून लावलं.